धागा: म्हणे आजच्या छोट्या गाड्या पत्र्याचे डबे!

मांजलपूरकर: आपल्या बडोद्यातल्या रावपुऱ्याच्या काकांनी काल लिहिलं की त्यांची १९६७ची फियाट म्हणजे पोलाद, आणि आजच्या छोट्या गाड्या पत्र्याचे डबे, धडकल्या की चेपतात. अहो काका, चेपायलाच केल्यात त्या! धक्का बॉनेटने खायचा, छातीने नाही. अमेरिकेत २००९ साली १९५९ची शेव्हरले बेल एअर आणि २००९ची मालिबू मुद्दाम एकमेकींवर आदळवल्या. मालिबूतला माणूस किरकोळ दुखापतीवर सुटला असता. बेल एअरमधला वाचला नसता. तुमच्या गाडीला चारही चाकांना जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक. नव्या स्विफ्टला सहा एअरबॅग, अगदी स्वस्तातल्या मॉडेललासुद्धा. इंजिन तुमचं १०८९ सीसी, स्विफ्टचं ११९७, पण ताकदीत दुपटीचा फरक.

रावपुरेकाका: न्यायमंदिर चौकाच्या गर्दीत तुझी दुप्पट ताकद काय लोणच्याला घालायची? माझा कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोलमध्ये हवा मिसळणारा भाग, मिस्त्री ओट्यावर बसून साफ करतो. जावयाच्या नव्या गाडीचा एक सेन्सर गेला, तर आठवडाभर गाडी अडकली आणि वर ऐकवलं, 'पूर्ण युनिट बदला'.

वाडीची_मामी: मिरवतात पुरुष, ढकलतो आम्ही! मे महिन्यात पावागडच्या वाटेवर आमची फियाट बंद पडली. गरमीने नळीतच पेट्रोलची वाफ धरली म्हणे. बाबा गाडीतल्या पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं ठेवून सावलीत, आई आणि मी उन्हात गाडीमागे. एसीत बसून जाते आता, सुखी आहे.

कलाभवनवाला: फडक्याने आता भागायचं नाही. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे, म्हणजे ऊस-धान्यापासून केलेलं अल्कोहोल. जुनं रबर त्याने खराब होतं, शिवाय ते पाणी ओढतं, टाकी आतून गंजते. नळ्या कधी बदलल्यात काका?

बारडोलीचा_साडू: आला का पुन्हा इथेनॉलवर! उसाला भाव मिळतो ते दिसत नाही?

कलाभवनवाला: भाव मिळू दे की. पण लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने ऊर्जा कमी. ॲव्हरेज पडतं माझं, पंपावर दर मात्र तोच. बिनमिसळीचं मागितलं तर पंपवाला तोंडाकडे बघतो.

बारडोलीचा_साडू: मग बाहेरून तेल आणा आणि डॉलर मोजा. तुम्हा शहरवाल्यांना शेतकरी फक्त हुरड्याला आठवतो.

मांजलपूरकर: विषय गाड्यांचा आहे!! काका, २०२१च्या नियमानुसार पन्नाशी उलटलेल्या मूळ रूपातल्या गाडीला व्हिंटेज गाड्यांचा 'व्हीए' नंबर मिळतो, नोंदणी २० हजार. पण मग ती रोज रस्त्यावर काढता येत नाही. सरकारनेच तिला शोकेसमध्ये बसवलंय.

रावपुरेकाका: म्हणून तर घेतला नाही तो नंबर. बरं बाबा, धडकेत तुझी गाडी भारी, खूष? मी धडकणारच नाही. मामी, तुमच्या बाबांना इंजिनचा पंखा बघायचं सुचलं नाही, त्यात फियाटचा काय दोष? आणि कलाभवन, भाषण पुरे. इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या कुठल्या दुकानात मिळतात तेवढं सांग.