मदत हवी आहे: पंचवटी एक्सप्रेसने जाऊन एका दिवसात घारापुरी जमेल का?

इथे मुंबईला अप-डाऊन करणारे नाशिककर बरेच आहेत, म्हणून विचारतेय. जानेवारीतल्या एका रविवारी मी, नवरा, पाचवीतला मुलगा आणि सासूबाई. त्यांना समुद्र बघायचाय. रामकुंडापलीकडे पाणीच पाहिलं नाही म्हणतात. गंगापूर धरण त्या धरत नाहीत.

सकाळची पंचवटी, परतीला ६.१५ ची पंचवटीच. मुक्काम नाही. (हॉटेलचे दर बघून नवऱ्याने फोन उलटा ठेवला.) गाडी वेळेत असली तर अकराच्या आत सीएसएमटी, टॅक्सीने गेटवे, मग बोट. तासभर जायला, तासभर यायला. चार-साडेचारला गेटवेवर परत आलो तरी पुरे. पण बोट भरल्याशिवाय सोडत नाहीत म्हणे, खरं का?

मुख्य काळजी सासूबाईंच्या गुडघ्यांची. धक्क्यापासून छोटी रेल्वे आहे, पण पुढच्या शंभर-सव्वाशे पायऱ्यांचं काय? शिवाय डिसेंबर २०२४ च्या अपघातापासून नवरा बोटीचं नाव काढू देत नाही. लाइफ जॅकेट प्रत्येकाला देतात, की बाकाखाली गठ्ठा बांधून ठेवलेला असतो?

नाहीतर गेटवेवरूनच छोटी बंदरफेरी आणि मग चालत म्युझियम. मला तेच बरं वाटतंय, पण लेण्यांतली त्रिमूर्ती राहील.

प्रतिसाद १: ताई, रविवार टाळा, गेटवेला तपासणीच्या रांगेतच जीव जातो. सोमवारी लेणी बंद. शनिवार बघा. पायऱ्या आपल्या पांडवलेणीपेक्षा कमीच आहेत, दोन्ही बाजूंना दुकानं, त्यामुळे टेकत टेकत चढता येतं. डोली केलीत तर जाऊन-येऊन किती ते खालीच ठरवा. आणि हातात कणीस-बाटली नको, माकडं ओढतात.

प्रतिसाद २: जॅकेट हातात मिळालं नाही तर मागून घ्या, लाजू नका. वरच्या डेकचे पैसे वेगळे. आजींना खालीच बसवा, वर चढायची शिडी अरुंद आहे. बोट भरायला वेळ लागतोच. परतीलाही रांग असते, तेव्हा अडीचला उतरायला लागा.

धागाकर्ती: पांडवलेणीपेक्षा कमी म्हटल्यावर सासूबाई डोली नको म्हणताहेत. शनिवारची तिकिटं बघते. पण शनिवारी त्यांचा उपवास. वर साबुदाण्याचं काही मिळतं का? डबा न्यायचा तर माकडांपासून कसा सांभाळायचा?