मदत हवी आहे: बाजरीची भाकरी आणि 29 मिलिग्रॅम लोहाचं गणित

नाशिक, वय 36, शाकाहारी, अंडीही नाही. हिमोग्लोबिन 11.2. डॉक्टर म्हणाले, आधी दोन महिने आहार सुधारून बघा.

आयसीएमआर-एनआयएनच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि तिची राष्ट्रीय पोषण संस्था) 2020 च्या शिफारशीत प्रौढ स्त्रीला रोज 29 मिलिग्रॅम लोह सांगितलंय. आमचं जेवण आईच्या वळणाचं: बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारातली मेथी नाहीतर तांदुळजा. दीडशे ग्रॅम बाजरीच्या पिठात जेमतेम 10 मिलिग्रॅम भरतं! दिवसभराचं सगळं धरून 20 च्या पुढे जात नाही.

उसळीवर लिंबू पिळते, जेवणानंतरचा चहा तासभर लांबवलाय, भाजी लोखंडी कढईत. हे जेवण मला सोडायचं नाही, जीव आहे माझा त्यावर. धान्यातलं लोह अंगी कमी लागतं, हे त्या 29 मध्ये आधीच धरलंय, की माझ्या 20 मधून आणखी वजा करायचं?