रोजच्या साध्या गोष्टींत देवाचा हात दिसतो म्हणतात, मग शेजारणीला काय सांगायचं?

निपाणीची_सून

नमस्कार मंडळी. प्रश्न घरगुती आहे, पण डोक्यातून जात नाही म्हणून इथं टाकते.

आमच्या आत्ती, म्हणजे सासूबाई, विड्या वळतात. निपाणीच्या आसपास कुठल्याही गल्लीत गेलात तर हेच दिसेल: मांडीवर सूप, सुपात कातरलेली पानं आणि तंबाखू, गुडघ्याशी दोऱ्याचं रीळ. मजुरी हजार विड्यांमागं. हात चालू आणि तोंडानं एकच पालुपद, "देवानं बघितलं." दूध उतू जाता जाता राहिलं, देवानं बघितलं. अचानक पाहुणे आले आणि पिठाच्या डब्यात नेमकं तेवढंच पीठ निघालं, देवानं बघितलं. मला त्याचा कधी त्रास झाला नाही. घरात एक माणूस सारखं कुणाचे तरी आभार मानतं, त्यात वाईट काय?

मागच्या महिन्यात त्या माल द्यायला कारखान्यात निघाल्या होत्या. दारातच विड्यांची एक जुडी सुटली. खाली बसून परत बांधेपर्यंत वडाप (माणसं भरून नेणारी खासगी गाडी) गेलं. पुढं फाट्याजवळ ऊस भरलेल्या ट्रॉलीला चुकवताना तेच वडाप चरीत गेलं. देवाच्या दयेनं (बघा, मीही म्हणतेच!) जीव कुणाचा गेला नाही, पण आमच्या गल्लीतल्या एका मावशींचा पाय मोडला. त्याही विड्याच वळतात, दोघी एकाच कारखान्याला माल देतात.

आत्तींनी घरी येऊन सौंदत्तीच्या यल्लम्माचं नाव घेतलं, दारात नारळ फोडला आणि येईल त्याला सांगत सुटल्या, "दोरा सुटला न्हवं, देवीनंच सोडला. मला मागं ठिवलं तिनं." दुसऱ्या दिवशी नळावर त्या मावशींच्या सुनेनं मला गाठलं. भांडली नाही. घागर खाली ठेवून एवढंच म्हणाली, "मग आमच्या आत्तींना देवीनं पुढं का बसवलं, ते पण विचार तुझ्या आत्तींना."

मी आत्तींना विचारलेलं नाही. तुम्हाला विचारते. रोजच्या बारीकसारीक गोष्टींत देव बघणं खरं, की आपल्यापुरती काढलेली समजूत? आणि तिला काय उत्तर द्यायचं?

टिळकवाडीकर

ताई, सरळ सांगतो, रागावू नका. आत्तींचं वडाप आजवर किती वेळा चुकलं असेल? जुडी सुटली, चप्पल तुटली, कुणी बोलत थांबवलं. त्या दिवशी वडाप सुखरूप पोचलं असतं तर त्याच सुटलेल्या दोऱ्याला त्यांनी शिव्या घातल्या असत्या आणि संध्याकाळपर्यंत विसरल्या असत्या. मेंदू जुळलेलं लक्षात ठेवतो, न जुळलेलं टाकून देतो. इथं बेळगावात पहिल्या रेल्वे गेटवर रोज अडकणारी माणसं आहेत, त्यांना विचारा कितीदा देव दिसला ते.

बाकी नळावरच्या त्या बाईंचा प्रश्न बिनतोड आहे. त्याला उत्तर नाही.

येळ्ळूरचा_माळकरी

ताई, मी बेळगावजवळच्या येळ्ळूरचा. शेती आणि गळ्यातली माळ, दोन्ही वडिलांकडून आली. टिळकवाडीकर म्हणतात तसं उत्तर नसेलही, पण माझ्या शेतातली एक गोष्ट सांगतो. थोडी लांबेल.

आमचं शिवार बळ्ळारी नाल्याच्या बाजूला. पावसाळ्यात भात, जास्त करून बासमती. भात निघालं की मागं राहिलेल्या ओलीवर मसूर. भाताची पेरणी धूळवाफेची, म्हणजे पाऊस यायच्या आधी कोरड्या मातीत कुरीनं (पेरणीच्या अवजारानं) बी टाकायचं आणि वर बघत बसायचं. एरवी देव न मानणारा माणूसही तेवढे दिवस ढगाशी अदबीनं बोलतो.

एका वर्षी उगवण झकास झाली. रोप वीतभर आलं आणि नाला फुगला. भाताला पाण्याचं वावडं नाही, पाणी लवकर ओसरलं असतं तर पीक जगलं असतं. पण नाल्यात गाळ आणि जलपर्णी, पाणी हलायला तयार नाही. अखेर ओसरलं तेव्हा रोप चिखलात आडवं झालेलं, पानांवर राखाडी मेणचट थर, हातात धरून ओढलं की बुडाशी सुटून यायचं. वास तर बांधावरच यायचा. परत पेरावं म्हटलं तर तसल्या राडीत कुरी चालत नाही. रोप लावण करावी तर तरवा, म्हणजे लावणीसाठी वेगळी वाढवलेली रोपं, टाकलेला नाही, आणि आज टाकला तर लावण्याजोगा व्हायला वीस-पंचवीस दिवस. घरी कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

वरच्या अंगाला एका कन्नड शेतकऱ्याची जमीन आहे. लिंगायत माणूस, आमचं बोलणं नेहमी अर्धं त्याच्या भाषेत, अर्धं माझ्या. त्यानं बांधावरून हाक मारली. म्हणाला, तरवा उरलाय, जनावरांपुढं टाकणार होतो, तगोंड होग्री, घेऊन जा. पैशाचं विचारलं तर त्यानं नुसता हात हलवला. त्याच दुपारी आम्ही पेंढ्या वाहून आणल्या.

घरी आई म्हणाली, पांडुरंगानं बघितलं. तुमच्या आत्तींचंच वाक्य. आणि मला ते खरं वाटलं, आजही वाटतं.

पण आता त्याच्याकडं तरवा का उरला, ते ऐका. त्याच्या भावाभावांत वाटणीचा तंटा लागला होता. एक पट्टी कोर्टानं अडवलेली, तिच्यात कुणीच काही लावायचं नाही. त्या पट्टीचा तरवा माझ्या शेतात आला. मग मी काय म्हणायचं? माझं भात उभं राहावं म्हणून देवानं त्याच्या घरात भांडण लावलं? असला हिशेब करणारा देव मला नको, आणि तो शेतकरी समोर उभा असताना हे वाक्य माझ्या तोंडातून निघायचंही नाही. तेव्हापासून मी स्वतःपुरता एक नियम धरलाय. ज्याचं नुकसान झालं त्याच्या दारात उभं राहून जे बोलता येत नाही, ते देवाच्या नावावर घालायचं नाही.

मग देव कुठं दिसला? मला तो हाकेत दिसला. कोर्टकचेरीनं वैतागलेला माणूस. सकाळी उठून स्वतःच्या अडवलेल्या पट्टीकडं बघायचं की खालच्या माणसाच्या कुजलेल्या रोपाकडं, हे त्याच्या हातात होतं. त्यानं खाली बघितलं. त्याला विचारलंत तर म्हणेल, त्यात काय एवढं, टाकूनच द्यायचं होतं.

आमच्या संतांच्या कथा आठवून बघा. दामाजीपंतांनी दुष्काळात मंगळवेढ्याची कोठारं लोकांना मोकळी केली, बादशहाचा कोप ओढवला. तेव्हा विठ्ठल काय करतो? भूकंप नाही, वीज नाही. विठू महार होऊन, खांद्यावर घोंगडी टाकून बीदरला जातो, धान्याचे पैसे भरतो आणि पावती घेतो. पावती घ्यायला विसरत नाही, हे मला फार आवडतं! जनाबाईच्या जात्याला हात लावतो. सेना न्हाव्याच्या जागी धोकटी घेऊन राजाची हजामत करून येतो. पैठणला नाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन बारा वर्षं कावडीनं पाणी भरतो, आणि नाथांना ते कळतं तो निघून गेल्यावर. पाणी, दळण, हजामत, पैसे पोचवणं. आमच्या देवाला दुसरी कामं माहीतच नाहीत. त्यामुळं देव रोजच्या गोष्टींत शोधणं मला पोरकटपणा वाटत नाही. मात्र या कथांत तो कुणाचं तरी काम उचलतो. एकाला गाडीतून उतरवून दुसऱ्याला बसवल्याची कथा माझ्या ऐकण्यात नाही.

नळावरच्या त्या लेकीला म्हणून उत्तर देऊ नका. तिनं उत्तर मागितलेलंच नाही, तिला राग आलाय आणि तो रास्त आहे. त्यापेक्षा एक सांगा, त्या मावशींचे हात चालतात का? पाय मोडला तर कारखान्यातून पानं-तंबाखू आणायला आणि माल परत द्यायला सध्या कोण जातं? वळलेली विडी घरात पडून राहिली तर मजुरी कुठली?

खानापूरची_सिस्टर

माळकरीकाका, तुमचा नियम लिहून ठेवला. मी नर्स आहे, माहेर मेथॉडिस्ट. वॉर्डात हे रोज ऐकते. एका खाटेवरचा बरा होऊन जातो, त्याचे नातेवाईक मोठ्यानं देवाचे आभार मानतात आणि शेजारच्या खाटेवरची बाई भिंतीकडं तोंड करते.

आमच्यात लोक मत्तयच्या दहाव्या अध्यायातल्या चिमण्यांचा दाखला फार देतात. पैशाला दोन विकल्या जाणाऱ्या चिमण्या, त्यातली एकही पित्याच्या नकळत जमिनीवर पडत नाही. लहानपणी मला वाटायचं, म्हणजे चिमणी पडतच नाही. नीट वाचलं तर पडते. पडत नाही असं तिथं कुठंच म्हटलेलं नाही. पडली तेव्हा ती एकटी नव्हती, एवढंच येशू सांगतो. मला ड्युटीवर हे जास्त उपयोगी पडतं.

आणि टिळकवाडीकर, तुम्हाला आवडेल असं एक पुस्तक आमच्या बायबलात आहे, एस्तेर. मूळ हिब्रू पुस्तकात देवाचं नाव एकदाही येत नाही. मर्दखय नावाच्या यहुदी माणसाला फाशी द्यायची तयारी झालेली, आणि त्या रात्री राजाला झोप लागत नाही. वेळ जावा म्हणून तो जुनी दप्तरं वाचायला लावतो. त्यात निघतं की याच मर्दखयानं मागं आपला जीव वाचवला होता आणि आपण त्याला काहीच दिलं नाही. तिथून सगळी कथा फिरते. झोप न येणं, यापेक्षा साधी घटना कुठली! लिहिणाऱ्यानं "हे देवानं केलं" असं एक वाक्य टाकायला काय हरकत होती? टाकलं नाही. वाचणाऱ्यावर सोडलं.

ताई, कामाचं सांगते. मावशींना प्लास्टर असेल तर सूप मांडीवर घेऊन बसायला डॉक्टरांना विचारूनच बसवा, आणि पाय खाली लोंबता ठेवू नका. खाली उशी घालून वर ठेवा. बोटं निळी पडली, बधिर झाली, प्लास्टर आवळल्यासारखं दुखायला लागलं तर सकाळची वाट बघायची नाही, लगेच दवाखाना.

निपाणीची_सून

सगळ्यांचे आभार. हा धागा मी आत्तींना वाचून दाखवला. आधी फणकारल्या, "म्हंजे माझा नारळ वाया गेला व्हय?" मग दामाजीपंतांपाशी आल्यावर हात थांबले. तो भाग परत वाचायला लावला. पावतीला हसल्या.

माळकरीकाका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: हात चालतात. पानं आणायला त्यांची सून जाते, पण तिची स्वतःची शिवणकामाची कामं अडतात. आत्तींचं आता एवढंच चाललंय की दुसऱ्याच्या नावावरची पानं आपल्या हातात देतात का, आणि नाही दिली तर मावशींनी अंगठा कुठं करायचा. उद्या मुकादमाला विचारायला जाणार आहेत. नळावरचं बोलणं मी त्यांच्या कानावर अजून घातलेलं नाही. घालावं की नाही?

खानापूरची_सिस्टर

घालू नका. निदान आता तरी.

टिळकवाडीकर

काका, तुमचं लिखाण आवडलं, पण एक खोच राहतेच. त्या शेतकऱ्यानं हाक मारली नसती तर? मग देव विसरला असं तुम्ही म्हणाला असतात, की त्या वर्षी देवाचा विषयच काढला नसता? दुसरं असेल तर माझा मुद्दा कायम आहे.

येळ्ळूरचा_माळकरी

तशीही वर्षं गेलीत, विचारलंत ते बरं केलंत. नाला फुगला, रोप कुजलं, कुणाकडं तरवा नव्हता, सगळ्यांचंच गेलं होतं. शेत तसंच राहिलं. हिवाळ्यात त्या ओलीवर मसूर लवकर टाकली, ती बरी आली, तर बाजारात दर पडलेला. त्यात देव कुठं होता ते मला दाखवता येत नाही. वारीला त्या वर्षीही गेलो, पण रस्ताभर फारसं बोललो नाही. आईनं मात्र मसूर घरात आली तेव्हाही तेच म्हटलं, पांडुरंगानं बघितलं. तिला खोडून काढायला मी काही धजलो नाही.

तेव्हा तुमचा मुद्दा राहू दे, माझी माळही राहू दे. तुम्ही शहरातले, तुमची कुठं ओळख असेल तर नाल्याच्या गाळाचं तेवढं बघा. आमचे अर्ज दर उन्हाळ्यात जातात.