फिट आली की थेट न्यूरोलॉजिस्टच गाठावा का?

सांजवात
माझं मत आधीच सांगते. अपस्माराचं, म्हणजे वारंवार फिट येण्याच्या आजाराचं, निदान पक्कं करणं आणि पहिली गोळी ठरवणं हे काम न्यूरोलॉजिस्टचंच, म्हणजे मेंदूविकारतज्ज्ञाचंच असावं. पुढची देखरेख फॅमिली डॉक्टरांनी खुशाल करावी. पण सुरुवात चुकली की पेशंटची वर्षं वाया जातात.

माझ्या भाचीला सतराव्या वर्षी पहिली मोठी फिट आली. अंग ताठ, दातखीळ, मग झटके. कार्बामॅझेपिन ही फिटवरची गोळी सुरू झाली. पण त्याआधीपासूनच सकाळी उठल्यावर तिचे हात दचकल्यासारखे उडायचे, टूथब्रश हातातून निसटून पडायचा. घरात तो धांदरटपणा समजला जायचा आणि डॉक्टरांनीही त्याबद्दल विचारलं नाही. गोळी सुरू झाल्यावर हे उडणं आणखी वाढलं. पुढे न्यूरोलॉजिस्टनी बसल्या बसल्या विचारलं, "सकाळी हातातून वस्तू पडतात का? जागरण झालं की जास्त?" निदान निघालं ज्युव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी, म्हणजे किशोरवयात सुरू होणारा, हात असे उडवणारा अपस्मार. या प्रकारात कार्बामॅझेपिनमुळे झटके वाढू शकतात. औषध बदललं तेव्हा कुठे सकाळी कप हातात धरवायला लागला.

कडूनिंब
ताई, तुमच्या भाचीला झालेला त्रास खरा आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. मी जनरल प्रॅक्टिस करतो. तो प्रश्न विचारायला पाच मिनिटं आणि थोडं प्रशिक्षण पुरतं.

जगात अपस्माराचे सुमारे ५ कोटी रुग्ण आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ च्या अहवालात कमी उत्पन्नाच्या देशांत लाख लोकांमागे मेंदूविकारांचे तज्ज्ञ होते ०.१, म्हणजे दहा लाखांमागे एक. श्रीमंत देशांत हाच आकडा ७.१. गरीब देशांतल्या सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांना लागणारे उपचार मिळतच नाहीत. आणि नीट उपचार मिळाले तर ७० टक्क्यांपर्यंत रुग्ण फिटशिवाय जगू शकतात. अशा ठिकाणी "तज्ज्ञाने पाहिल्याशिवाय गोळी नको" म्हणणं म्हणजे माणसाला चुलीजवळ, विहिरीजवळ फिट येऊ देणं. २००८ पासून ही संघटना तज्ज्ञ नसलेल्या डॉक्टरांना आणि आरोग्यसेवकांना अपस्मार हाताळायला शिकवते आहे, ते याचसाठी.

रानवाट
डॉक्टरसाहेब, गोळी सुरू करण्याबद्दल तुमचं मान्य. पण थांबायचं कुठे, हे कोण ठरवणार?

माझा भाऊ एकाएकी एकटक बघायला लागतो, ओठ चघळल्यासारखे हलतात, बोटं शर्टाचं बटण चिवडत राहतात. दोन मिनिटांनी भानावर येतो, त्याला काही आठवत नाही. एक औषध झालं, दुसरं झालं, तिसरं, मग चौथं. दर वेळी "डोस वाढवून बघू". त्याच्या मेंदूत नेमकं कुठून सुरू होतं हे शोधायला हवं, असं चौथ्या औषधापर्यंत कुणी म्हणालं नाही.

दोन योग्य औषधं पुरेशा डोसमध्ये देऊनही फिट थांबत नसेल तर तो औषधाला दाद न देणारा अपस्मार, ही आंतरराष्ट्रीय व्याख्या २०१० पासून आहे. टेम्पोरल लोबच्या, म्हणजे मेंदूच्या कानाजवळच्या भागातून सुरू होणाऱ्या अपस्मारावर २००१ मध्ये एक चाचणी प्रसिद्ध झाली. शस्त्रक्रियेच्या गटात वर्षभराने ५८ टक्के रुग्ण भान हरपणाऱ्या फिटपासून मुक्त होते, नुसत्या औषधांच्या गटात ८ टक्के. एवढा फरक असताना शस्त्रक्रियेचं नावसुद्धा आमच्या कानावर आलं नाही, याचा मला आजही संताप येतो.

कडूनिंब
इथे तुमचंच बरोबर आहे. दुसरं औषध फसलं की पेशंट पुढे पाठवलाच पाहिजे, त्यात माझ्यासारख्यांनी अहंकार आणू नये. पण पहिल्या गोळीबद्दल माझं मत तेच राहील. फोनवरून तज्ज्ञाचा सल्ला घेऊनही ती सुरू करता येते.

ओलीमाती
तुम्ही सगळे औषधावर बोलताय, मुळात फिट होती का, हे आधी बघा. भोवळ येऊन पडलेल्या माणसालाही दोन-चार झटके येतात. हृदयाचे ठोके बिघडल्यानेही माणूस तसाच कोसळतो. मानसिक ताणातून येणारे झटके तर हुबेहूब फिटसारखे दिसतात, आणि त्यांवर अपस्माराच्या गोळीचा उपयोग नाही. ईईजी (मेंदूतल्या विद्युतलहरींचा आलेख) नॉर्मल आला म्हणून अपस्मार नाही असंही म्हणता येत नाही. म्हणून हृदय तपासायला ईसीजी प्रत्येकाचा काढावा. शंका उरली तर व्हिडिओ ईईजीची (झटक्याचं चित्रण आणि ईईजी एकाच वेळी) सोय असलेलं केंद्र गाठावं, आणि तिथे तज्ज्ञाला पर्याय नाही.

सांजवात
@कडूनिंब, फोनवरच्या सल्ल्याने सुरुवात व्हायला माझी हरकत नाही, पण तो सल्ला खरोखर घेतला जावा. भाचीच्या प्रकारावर व्हॅलप्रोएट हे औषध उत्तम चालतं, पण गरोदरपणात ते घेतलं तर बाळाला जन्मजात व्यंगाचा आणि बौद्धिक वाढ खुंटण्याचा धोका असतो. सतरा वर्षांच्या मुलीला ते लिहिताना हे बोलणं व्हायलाच हवं. आम्हाला ते तज्ज्ञाने समजावलं आणि लेव्हेटिरासिटाम हे दुसरं औषध निवडलं. हे प्रत्येक दवाखान्यात होतं असं तुम्ही छातीठोकपणे सांगू शकता का?

कडूनिंब
नाही सांगू शकत. व्हायला हवं, एवढंच म्हणेन.

रानवाट
तज्ज्ञ जवळ असो वा लांब, घरच्यांनी फिटचा मोबाइलवर व्हिडिओ काढावा. आधी माणसाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, मग चेहरा आणि दोन्ही हात दिसतील असं शूटिंग करा. घड्याळ बघा, पाच मिनिटांच्या वर गेलं तर शूटिंग सोडून रुग्णवाहिका बोलवा. भावाच्या बाबतीत झटका कुठल्या बाजूने सुरू होतो याचा पहिला अंदाज अशाच एका व्हिडिओवरून आला.