मदत हवी आहे: बोनस रूममध्ये उन्हाळ्यात उकाडा, थंडीत गारठा. एसीचं मशीन बदलू की डक्टचं (हवा नेणाऱ्या नळ्यांचं) काम करून घेऊ?

नमस्कार मंडळी,

आम्ही नॉर्थ कॅरोलायनात केरीला राहतो. घर दुमजली, नव्वदच्या दशकातलं. वरच्या मजल्याला वेगळं एसी-हीटिंगचं युनिट आहे, अडीच टनाचं (टन हे गार करण्याच्या क्षमतेचं माप), अ‍ॅटिकमध्ये (छपराखालच्या माळ्यात) बसवलेलं. गॅरेजच्या वर बोनस रूम आहे आणि सध्या माझे सासू-सासरे तिथे राहतात. सगळा प्रश्न त्या एका खोलीचा आहे.

थर्मोस्टॅट वरच्या पॅसेजमध्ये आहे. तो ७४ दाखवत असतो तेव्हा बोनस रूममध्ये दुपारी ८२-८३ फॅरनहाइट असतं. हिवाळ्यात नेमकं उलट, पॅसेजमध्ये ७० आणि त्या खोलीत ६१-६२. सासऱ्यांना दम्याचा त्रास आहे, त्यांना दमट हवा अजिबात सोसत नाही. सासूबाईंना विचारलं तर म्हणतात, "अगं, पत्र्याच्या घरात काढलेत उन्हाळे, हे काय मोठंसं!" पण रात्री दोघं दार उघडं टाकून झोपतात, आणि ते त्यांना संकोचाचं वाटतं हे मला दिसतं. म्हणून यंदा हे काम तडीस न्यायचंच असं ठरवलं आहे.

एक कंत्राटदार येऊन गेला. अ‍ॅटिकच्या जिन्यावरून नुसतं डोकावला आणि म्हणाला, युनिट जुनं झालंय, साडेतीन टनाचं घ्या, प्रश्न मिटेल. आकडा चांगलाच मोठा सांगितला. पण मला पटत नाहीये, कारण बाकीच्या खोल्या त्याच युनिटवर व्यवस्थित गार होतात. मशीन कमी पडत असतं तर सगळ्यांनाच उकडलं असतं ना?

मी घरीच थोडं तपासून पाहिलं. स्वयंपाकघरातला डिजिटल थर्मामीटर प्रत्येक ग्रिलसमोर धरला. युनिटच्या जवळच्या बेडरूममध्ये ५६ अंशांची हवा येते, बोनस रूममध्ये ६६ ची, आणि तीही इतकी मंद की ग्रिलवर हात टेकवल्याशिवाय जाणवत नाही. दुसरं, त्या खोलीचं दार लावून फटीपाशी टिश्यूचा तुकडा धरला की तो पॅसेजच्या बाजूला फडफडतो. इतर बेडरूमची दारं लावली की तिथे तर तो आणखी जोरात फडफडतो. वरच्या मजल्यावर रिटर्न (खोल्यांतली हवा परत युनिटकडे ओढणारं तोंड) एकच आहे, पॅसेजच्या छतात, १४ बाय २० इंचांचा. युनिट चालू झालं की तिथून चांगलाच घोंघावल्यासारखा आवाज येतो.

या क्षेत्रातलं कुणी असेल तर सांगा: मोठं युनिट घेऊन खरंच फरक पडेल का? डक्टमध्ये दोष आहे हे घरच्या घरी कसं ओळखायचं? खालच्या मजल्यावरची किंवा इतर खोल्यांची ग्रिलं अर्धी बंद केली तर हवा इकडे वळेल का? आणि कंत्राटदाराकडून नेमकं काय मोजून मागायचं?

अटलांटाकर:

आमच्याकडेही गॅरेजवरच्या खोलीचं हेच होतं. आम्ही शेवटी तिथे वेगळा मिनी स्प्लिट (डक्टशिवाय चालणारा, एका खोलीपुरता एसी) बसवला आणि सुटलो. खर्च झाला, पण खोली आता स्वतंत्र चालते. इन्सुलेशनही बघून घ्या. त्या खोलीला खालून गॅरेज, वरून छप्पर आणि बाजूच्या बुटक्या भिंतींपलीकडे तापलेलं अ‍ॅटिक, असा चहूबाजूंनी मारा असतो.

ह्यूस्टनचा_शिरीष:

ताई, तुम्ही जे तपासलंय तेच निदानाचं अर्धं काम आहे. मी हवेच्या डक्टचं डिझाइन करतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी साडेतीन टनाबद्दल. घेऊ नका. निदान आत्ता तरी नाही. एका टनामागे मिनिटाला साधारण ४०० घनफूट हवा फिरावी लागते. म्हणजे तुमच्या अडीच टनाला १००० लागते आणि साडेतीनला १४०० लागेल. तुमचा रिटर्न १४ बाय २०, म्हणजे २८० चौरस इंच. फिल्टरमधून हवा सावकाश आणि कमी आवाजात जावी असं वाटत असेल तर दर चौरस इंचामागे २ घनफूट धरतात. या हिशेबाने आजच्या युनिटलाच ५०० चौरस इंच, म्हणजे २० बाय २५ इतकं तोंड हवं. तुमच्याकडे त्याच्या निम्म्याहून थोडंच जास्त आहे. तो घोंघावणारा आवाज त्याचाच. मशीन आत्ताच धापा टाकतंय. त्याच डक्टवर मोठं मशीन बसवलं तर आवाज वाढेल, कॉइलवर (हवा गार करणाऱ्या नळ्यांच्या जाळीवर) बर्फ धरण्याची भीती राहील आणि बोनस रूममध्ये फारसा फरक पडणार नाही. शिवाय मोठं युनिट पॅसेज झटकन गार करून बंद पडतं. हवेतला दमटपणा काढायला कॉइलवरून हवा बराच वेळ वाहावी लागते. तो वेळच मिळाला नाही की ७४ अंशांतही अंग चिकट होतं. तुमच्या सासऱ्यांसाठी हेच सगळ्यात वाईट.

आता टिश्यू. खोलीत हवा ढकलली जाते पण दार लावल्यावर तिला परत जायला वाट नाही. खोलीत दाब वाढतो, त्यामुळे ग्रिलमधून येणारी हवा आणखी कमी होते. तिकडे पॅसेजमधला रिटर्न हवा ओढतच असतो. ती बेडरूममधून मिळाली नाही की खिडक्यांच्या फटी, दिव्यांची भोकं, अ‍ॅटिकचं झाकण, जिथून मिळेल तिथून बाहेरची गरम दमट हवा आत येते. यावर उपाय म्हणजे प्रत्येक खोलीला स्वतःचा रिटर्न, किंवा दाराच्या वर भिंतीत आरपार ग्रिल, किंवा छतातून पॅसेजपर्यंत एक छोटी जोडनळी. दाराखालची फट सहसा पुरत नाही. बोनस रूमला मी स्वतंत्र रिटर्नच देईन.

६६ आणि ५६ मधला फरकही महत्त्वाचा आहे. उन्हाळ्यात अ‍ॅटिक १२०-१३० अंशांपर्यंत तापतं. त्यातून लांबचा, पातळ इन्सुलेशनचा डक्ट जातोय आणि आत हवा संथ वाहतेय, म्हणजे ती वाटेतच तापत येणार. एकदा पहाटे, ऊन चढायच्या आत वर जाऊन बोनस रूमची नळी सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघा. चालताना फक्त लाकडी वाशांवर पाय द्या, मधल्या जिप्समवर नको. काय बघायचं: नळी कुठे चेपली आहे का, वळणावर मुडपली आहे का, झोळीसारखी लोंबते आहे का, सांध्यांवरची टेप सुटली आहे का. फोटो काढा.

ग्रिलं बंद करण्याबद्दल: नको. डक्टमधला दाब वाढतो, गळती वाढते, मशीनवर ताण येतो. एखाद्या खोलीला जास्तच हवा जात असेल तर मुख्य डक्टपासून फाटा फुटतो तिथे डॅम्पर (हवा कमी-जास्त करणारी झडप) बसवून थोडी कमी करता येते, पण तेही मूळ दोष काढल्यानंतर, मोजमाप घेऊन.

सुमेधा_टोरांटो:

शिरीष यांनी लिहिलंय त्यात एक सुरक्षेची बाब जोडते. गॅरेजच्या छतातून डक्ट जात असेल तर तिथला प्रत्येक सांधा बंद असल्याची खात्री करा. रिटर्नला तिथे भोक असेल तर गाडीचा धूर आणि पेट्रोलचा वास घरात ओढला जातो. गॅसचा वॉटर हीटर असेल तर घरातला दाब उणे झाल्यावर त्याचा धूर चिमणीतून वर न जाता उलटा येऊ शकतो. बोनस रूमच्या बाहेर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नसेल तर तो आजच लावा, बाकीचं नंतर.

(धागाकर्ती):

सर्वांचे मनापासून आभार! अलार्म लावला. शनिवारी पहाटे नवरा आणि मी टॉर्च घेऊन वर गेलो.

बोनस रूमला एकच नळी जाते, ६ इंची, चंदेरी प्लास्टिकची लवचीक. खोली तिकडच्या टोकाला, पण नळी सरळ जातच नाही. आधी एका बाजूला वळसा घेते, मग छपराच्या दोन तिरक्या लाकडांमधून दाबून नेली आहे. तिथे ती इतकी चेपली आहे की माझी मूठही आत जाणार नाही. पाण्याच्या पाइपवर कुणीतरी पाय देऊन उभं आहे, अगदी तसंच. पुढे आधाराच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये नळी पोटाळून खाली इन्सुलेशनवर टेकली आहे. शेवटी ग्रिलच्या पत्र्याच्या पेटीला जोडलेली कापडी टेप वाळून सुटली होती. हात धरला तर गार हवा अ‍ॅटिकमध्ये येत होती! इतके उन्हाळे आम्ही अ‍ॅटिक गार करत होतो, हे पाहून वाईट वाटलं. नळीवर आर-४.२ छापलं आहे (इन्सुलेशनचं माप, आकडा जितका मोठा तितकं चांगलं).

नंतर दुसरा कंत्राटदार बोलावला. याने युनिटच्या पत्र्याला दोन बारीक भोकं पाडून दाब मोजला. ०.८४ इंच (पाण्याच्या स्तंभाच्या मापात) आला. युनिटवरच्या पट्टीवर कमाल ०.५० लिहिलं आहे. तो म्हणाला, हा आकडा बघता मशीनला दोष द्यायला जागाच नाही. आता दोन पर्याय देतोय: नुसतं गळती बंद करणं, किंवा बोनस रूमचा डक्ट नवा आणि जास्तीचा रिटर्न. कुठला घेऊ?

निखिल_पुणे:

मी पुण्यात ऑफिसं आणि बंगल्यांसाठी डक्टिंगचं काम करतो. आपल्याकडे बहुतेक जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या) पत्र्याचे डक्ट असतात, फॉल्स सीलिंगमध्ये, आणि लवचीक नळी फक्त शेवटच्या थोड्या अंतराला. पण दोष हुबेहूब हेच दिसतात. सप्लायच्या (गार हवा खोलीत सोडणाऱ्या) ग्रिलांवर मालक भरपूर खर्च करतात आणि रिटर्नसाठी जागा सोडायला आर्किटेक्ट तयार नसतो. मग बेडरूमचं दार लावलं की एसी नावापुरता. ताई, नळी बदलताना शक्य असेल तिथे सरळ भाग पत्र्याचाच करून घ्या, वरून इन्सुलेशन गुंडाळून. आतून गुळगुळीत असल्यामुळे त्याच मापात हवा बरीच जास्त जाते.

ह्यूस्टनचा_शिरीष:

०.५० वर चालायला बनवलेलं मशीन ०.८४ वर चालतंय, म्हणजे पंख्याचा जोर डक्टशी झगडण्यातच जातोय. दोन्ही कामं करा, पण क्रम असा ठेवा.

पहिल्यांदा रिटर्न. पॅसेजमधला वाढवून २० बाय २५ करता आला तर उत्तम, आणि बोनस रूमला वेगळा. नुसती सप्लायची नळी मोठी केली आणि हवेची परतीची वाट अरुंदच ठेवली तर एकूण हवा फारशी वाढत नाही. फिल्टरही बघा. एक इंची जाडीचा, खूप बारीक जाळीचा फिल्टर दाबाचा मोठा वाटा खातो. सासऱ्यांच्या दम्यामुळे चांगला फिल्टर हवाच असेल तर चार इंची जाडीचा बसेल अशी पेटी करून घ्या, म्हणजे गाळणंही होईल आणि अडथळाही कमी.

मग बोनस रूमची नळी. त्या खोलीला किती हवा लागते याचा आधी हिशेब मागा. इथे एसीसीए या एसी कंत्राटदारांच्या संघटनेची ठरलेली पद्धत आहे: खोलीनिहाय उष्णतेचा भार मॅन्युअल जे प्रमाणे आणि डक्टची मापं मॅन्युअल डी प्रमाणे. त्या हिशेबाशिवाय कुणी '७ इंची टाकतो' म्हणालं तर तो अंदाज झाला. ६ वरून ७ इंचावर गेलात तर छेदाचं क्षेत्रफळ सुमारे ३६ टक्क्यांनी वाढतं, पण तुमच्या खोलीला कदाचित दोन नळ्या लागतील. लवचीक नळी वापरलीच तर पूर्ण ताणून बसवायची, उरलेली लांबी कापून टाकायची. गोळा करून ठेवली की आतल्या सुरकुत्या हवा अडवतात. आधार दर चार फुटांवर, पट्टी निदान दीड इंच रुंद, आणि झोल फुटामागे अर्ध्या इंचापेक्षा जास्त नको. इन्सुलेशन आर-८.

गळतीचं काम शेवटी, पण टाळू नका. एनर्जी स्टार या अमेरिकी सरकारी ऊर्जाबचत कार्यक्रमाच्या माहितीनुसार साधारण घरात डक्टमधल्या हवेपैकी २० ते ३० टक्के हवा फटींतून आणि नीट न जोडलेल्या सांध्यांतून वाया जाते. तुमच्या बाबतीत ती दुहेरी मार देते. समजा १००० घनफूट रिटर्नमधून गेली आणि २०० अ‍ॅटिकमध्ये सुटली, तर तितकीच बाहेरची दमट हवा घरात ओढली जाणार. सांध्यांना ब्रशने लावायचं मास्टिक (सांधे बुजवणारा घट्ट लेप) वापरायला सांगा. कापडी डक्ट टेप नको. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने १९९८ मध्ये केलेल्या चाचण्यांत डक्टच्या सांध्यांवर हीच टेप सर्वांत लवकर निकामी ठरली होती. तुमच्या वाळून सुटलेल्या टेपचंही तेच झालंय. आतून फवारून गळती बंद करण्याची पद्धतही आहे, चांगली आहे, पण चेपलेली नळी तिने सरळ होत नाही.

अटलांटाकरांचा मिनी स्प्लिट हा वाईट पर्याय नाही. पण आधी हे काम आणि बुटक्या भिंतींचं इन्सुलेशन. तरीही भर उन्हाळ्यात चार-पाच अंशांचा फरक राहिला तर मग त्याचा विचार करा.

(धागाकर्ती):

खूप खूप आभार. एकच शेवटचं विचारते: काम नीट झालंय हे कसं ताडायचं? तो म्हणतोय, "दोन दिवस वापरून बघा, फरक जाणवेल."

ह्यूस्टनचा_शिरीष:

जाणवण्यावर सोडू नका, कोटेशनमध्येच लिहून घ्या. काम झाल्यावर त्याच दोन भोकांतून पुन्हा दाब मोजायचा आणि तो ०.५० च्या आसपास आला पाहिजे. प्रत्येक ग्रिलची हवा हुडवाल्या मापकाने (ग्रिलवर टोपीसारखा धरून हवा मोजणाऱ्या उपकरणाने) मोजून कागदावर द्यायची. बोनस रूमला हिशेबात ठरलेली हवा मिळते की नाही ते दार लावून मोजायचं, उघडं ठेवून नाही. शेवटचा हप्ता हे आकडे हातात आल्यावर. आणि तुमचा टिश्यू ठेवा जवळ, दार लावल्यावर तो जवळपास स्थिर राहायला हवा.