भाड्याचं घर, बाहेर प्रोपेनची टाकी: खप किती धरायचा आणि कमी कुठे करायचा?

नवा_भाडेकरू

भाड्याच्या घराबाहेर प्रोपेनची १९०० लिटरची (५०० गॅलन) टाकी आहे. त्यावर चार गोष्टी चालतात: घर तापवणारी फर्नेस (पाटीवर इनपुट तासाला ८०,००० बीटीयू; बीटीयू हे उष्णतेचं एकक), टाकीवाला वॉटर हीटर, शेगडी आणि बैठकीच्या खोलीतली शोभेची गॅस फायरप्लेस. फायरप्लेसची पायलट ज्योत कायम पेटलेली असते. घरात दोन मोठी माणसं आणि एक मूल. थर्मोस्टॅट दिवसरात्र २१ वर.

१४ दिवसांत टाकीचा काटा ६४ टक्क्यांवरून ५१ टक्क्यांवर आला. या काळात बाहेरचं तापमान सरासरी ३ अंश होतं. आधीच्या भाडेकरूची बिलं मिळालेली नाहीत.

हा खप ठीक आहे की गॅस कुठेतरी वाया जातोय? थंडीचे अजून तीन महिने आहेत, तर किती गॅस धरून चालू? फर्नेस किंवा खिडक्या बदलणं माझ्या हातात नाही. त्याशिवाय काय करता येईल?

ताळेबंद

आधी एकक ठरवून घ्या, म्हणजे गोंधळ होणार नाही. एक लिटर द्रव प्रोपेनमध्ये साधारण ७.१ युनिट (किलोवॅट-तास) उष्णता असते; गॅलनमागे ९१,५०० बीटीयू. उपकरणांच्या पाट्या बीटीयूमध्ये असतात, त्यांना ३४१२ ने भागलं की युनिट मिळतात. तुमची फर्नेस पेटलेली असताना तासाला २३.४ युनिट, म्हणजे ३.३ लिटर गॅस खाते.

काटा १३ टक्के उतरला. १९०० चे १३ टक्के म्हणजे २४७ लिटर, दिवसाला १७.६. पण या आकड्यावर फार विसंबू नका. तरंगत्या गोळ्यावर चालणारा हा काटा एक-दोन टक्के इकडेतिकडे दाखवतोच. शिवाय द्रव प्रोपेन १० अंशांनी तापलं की सुमारे ३ टक्के फुगतं, त्यामुळे ऊन खाल्लेली टाकी थोडी जास्त भरलेली दिसते. वाचन नेहमी पहाटे, एकाच वेळी घ्या आणि दोन वाचनांत निदान दोन आठवडे जाऊ द्या. तुमचा खरा खप दिवसाला १५ ते २० लिटरच्या मध्ये कुठेतरी आहे, एवढंच आज खात्रीने म्हणता येईल. टँकर येऊन गेल्यावर पावतीवर छापलेले लिटर हा सर्वांत भरवशाचा आकडा. दोन पावत्यांमधला काळ मोजा आणि दोन्ही वेळा टाकी सारख्याच टक्क्यापर्यंत भरली होती का ते बघा.

आता खपाची फोड करू. रोज २०० लिटर पाणी ४० अंशांनी तापवायला ९.३ युनिट लागतात. टाकीवाल्या हीटरमध्ये चिमणीतून आणि टाकीच्या अंगातून बरीच उष्णता जाते, म्हणून कार्यक्षमता ०.६ धरा: साडेपंधरा युनिट, २.२ लिटर. शेगडीचा एक बर्नर ९,००० बीटीयूचा असेल आणि तो रोज दीड तास पूर्ण आचेवर चालत असेल, तर अर्धा लिटर. पायलट ज्योत साधारण ८०० बीटीयूची धरली तर दिवसाला ०.८ लिटर, म्हणजे महिन्याला २४ लिटर, फायरप्लेस एकदाही न लावता. हे तिन्ही मिळून ३.५ लिटर. थंडी असो-नसो, एवढं जाणारच.

उरले १४.१ लिटर, ते घर तापवण्याचे. बाहेर सरासरी ३ अंश असताना १८ अंशांपासूनची तूट १५ अंशांची. (१८ धरायचं कारण असं की माणसं, दिवे, ऊन आणि उपकरणं यांच्या उष्णतेने वरचे दोन-तीन अंश फुकट मिळतात.) १४.१ भागिले १५ म्हणजे एका अंश-दिवसाला (एका दिवसातल्या एका अंशाच्या तुटीला) ०.९४ लिटर. ही तुमच्या घराची खूण समजा आणि लिहून ठेवा. पुढे काहीही बदल केलात की हाच आकडा पुन्हा काढायचा. नुसती बिलं ताडून पाहिली तर फरक तुमच्या उपायामुळे पडला की हवामानामुळे, ते कळत नाही.

तीन महिन्यांची सरासरी ५ अंश धरली तर ९० × १३ = ११७० अंश-दिवस. तापवायला ११०० लिटर, बाकीचे ३१५, मिळून १४१५. टाकीत आत्ता ९७० लिटर आहेत. शेवटी २५ टक्के शिल्लक ठेवायची, तर आणखी ९२० च्या आसपास लागतील. टाकी ८० टक्क्यांपर्यंतच भरतात, कारण द्रवाला फुगायला जागा लागते. त्यामुळे काटा २५-३० वर आल्यावर एकदा पूर्ण भरून घेतली की भागतं. आजच्या वेगाने ३० टक्के यायला साधारण तीन आठवडे आहेत.

ताळा घेण्याचा सोपा मार्ग: थर्मोस्टॅटमध्ये फर्नेस किती तास चालली याची नोंद असेल तर बघा. १४.१ लिटर खरे असतील तर एकाच टप्प्याची (पेटली की नेहमी पूर्ण आचेवर चालणारी) फर्नेस अशा दिवसांत रोज सव्वाचार तासांच्या आसपास चालायला हवी. नोंद अडीच तास दाखवत असेल तर गॅस दुसरीकडे जातोय. भाड्याच्या घरात तेव्हा पहिली शंका घ्यायची ती सामायिक लाइनची. गॅरेजमधला हीटर, शेजारचा भाग किंवा आवारातलं एखादं उपकरण याच टाकीवर आहे का, हे घरमालकाला लेखी विचारा.

निळी_ज्योत

हिशेब बरोबर आहे, पण माझ्या मते सगळ्यात आधी फायरप्लेसकडे बघायला हवं. शोभेच्या गॅस लाकडांची फायरप्लेस असेल तर तिच्या चिमणीची झडप बहुतेक वेळा क्लॅम्प लावून कायम उघडी ठेवलेली असते. सुरक्षेसाठी ते आवश्यकच आहे. पण त्यामुळे फर्नेसने तापवलेली हवा चोवीस तास त्या भोकातून वर जाते. पायलटच्या ०.८ लिटरपेक्षा हे नुकसान कितीतरी मोठं असू शकतं. पुढे काच बंद असलेली, बाहेरून हवा घेणारी फायरप्लेस असेल तर हा प्रश्न नाही. तिथे फक्त पायलटचा खर्च.

वापरत नसाल तर घरमालकाला कळवून पायलट बंद करा आणि त्या लाइनचा व्हॉल्व्हही बंद करा. त्यानंतरच चिमणीचं भोक बुजवणारा, काढता येणारा फुगा बसवा आणि समोर ठळक दिसेल अशी चिठ्ठी टांगा: "चिमणी बंद आहे, पेटवू नये." पायलट चालू असताना चिमणी कधीही बुजवू नका, कार्बन मोनॉक्साइड घरात साठेल. पुन्हा पेटवताना किमान पाच मिनिटं थांबा आणि जमिनीलगत वास घ्या. प्रोपेन हवेच्या दीडपट जड असतं, ते खाली साचतं. पायलट धरत नसेल तर नॉब तीसेक सेकंद दाबून ठेवा, थर्मोकपल (ज्योत पेटली आहे हे ओळखून गॅस चालू ठेवणारा भाग) तापायला तेवढा वेळ लागतो. तरीही विझत असेल तर थर्मोकपल गेलंय, ते बदलणं घरमालकाकडे.

दुसरं, ज्योतीचा रंग. शेगडीची ज्योत निळी आणि स्थिर हवी. टोकं पिवळी, भांड्यांचे बूड काळे होत असतील तर एक तर बर्नर घाण आहे, नाहीतर जेट (गॅस सोडणारी बारीक भोकाची तोंडं) चुकीचे आहेत. भाड्याच्या घरात नैसर्गिक वायूवरची शेगडी जेट न बदलताच प्रोपेनला जोडलेली सापडते. नैसर्गिक वायूच्या उपकरणाला बर्नरपाशी ३.५ ते ४ इंच उंच पाण्याएवढा दाब लागतो, प्रोपेनला १० ते ११. त्यात प्रोपेनमध्ये तेवढ्याच आकारमानात अडीच पट उष्णता असते. मोठ्या भोकाच्या जेटमधून एवढा गॅस आला की तो पूर्ण जळत नाही: पैसेही जातात आणि काजळीही धरते. हे काम स्वतः करू नका. घरमालकाला ज्योतीचा फोटो पाठवा आणि तंत्रज्ञ मागवा.

गळती शोधायला काट्याचा उपयोग नाही, तो फार ढोबळ आहे. उघड्या सांध्यांवर साबणाचं पाणी ब्रशने लावा, बुडबुडे वाढत गेले तर गळती. घरात वास आला तर साबण वगैरे काही नको. दिव्याचं बटण न दाबता सगळ्यांना घेऊन बाहेर पडा, टाकीचा व्हॉल्व्ह सुरक्षितपणे गाठता आला तर बंद करा आणि लांब गेल्यावर फोन करा.

नवा_भाडेकरू

दोघांचेही आभार. थर्मोस्टॅटच्या नोंदीत सरासरी ४ तास २० मिनिटं दिसतात, म्हणजे गॅस फर्नेसमध्येच जातोय. फायरप्लेस उघडीच आहे आणि झडपेवर क्लॅम्प आहे. आज घरमालकाला कळवलं.

आणखी दोन शंका. न वापरल्या जाणाऱ्या दोन खोल्यांतल्या, गरम हवा येणाऱ्या ग्रिल बंद केल्या तर फायदा होईल का? आणि फर्नेस कमी करून एका खोलीत विजेचा हीटर लावणं परवडेल का?

ताळेबंद

ग्रिल बंद करू नका. पंखा ठरलेली हवा ढकलायला बसवलेला असतो. दोन-तीन तोंडं बंद केली की डक्टमधला (हवा नेणाऱ्या नळातला) दाब वाढतो, सांध्यांतून गरम हवा माळ्यावर किंवा तळघरात गळते आणि उष्णता-विनिमयक (ज्योतीची उष्णता हवेला देणारा भाग) जास्त तापून लिमिट स्विच हा सुरक्षेचा स्विच बर्नर मध्येच बंद करतो. चोंदलेल्या फिल्टरनेही अगदी हेच होतं. फिल्टर दर महिन्याला उजेडात धरून बघा. फार दाट जाळीचा घालू नका, एमईआरव्ही (फिल्टर किती बारीक धूळ अडवतो त्याचं माप) ८ बहुतेक घरांना पुरतो. फिल्टरच्या चौकटीवरचा बाण फर्नेसच्या दिशेने असायला हवा. उघडे दिसणारे डक्टचे सांधे घरमालकाच्या परवानगीने फॉइल टेपने बंद करा. कापडी डक्ट टेप नको, उष्णतेने तिचा गोंद सुटतो.

विजेच्या हीटरचं गणित एका ओळीचं आहे. ८० टक्के कार्यक्षमतेच्या फर्नेसमधून एका लिटरमागे ५.७ युनिट उष्णता घरात येते. लिटरच्या दराला ५.७ ने भागा. विजेचा युनिट त्याहून स्वस्त असेल तर साधा हीटरही परवडतो. महाग असेल, तरी एकच खोली तापवून बाकी घर तीन-चार अंश थंड ठेवता आलं तर फायदा होऊ शकतो. फर्नेसचा धूर पांढऱ्या प्लास्टिक पाइपमधून जात असेल तर ती ९० टक्क्यांच्या वरची असते, मग ५.७ च्या जागी ६.५ घ्या. धातूची, हाताला चटका देणारी चिमणी असेल तर ती ८० टक्क्यांची.

थर्मोस्टॅट २१ वरून २० केलात की तुमच्या तुटीतला पंधरावा भाग कमी होतो, म्हणजे सहा-सात टक्के, दिवसाला जवळजवळ एक लिटर. रात्री आठ तास तीन अंश उतरवलात तर आणखी तेवढ्याच्या आसपास. "सकाळी पुन्हा तापवण्यात सगळं परत जातं" हे फर्नेसच्या बाबतीत खरं नाही. घर जितका वेळ थंड, तितका वेळ भिंतींतून बाहेर जाणारी उष्णता कमीच. बाहेरगावी जाताना मात्र १३ च्या खाली नेऊ नका, बाहेरच्या भिंतींतले पाण्याचे पाइप गोठतात.

गरम पाण्यात शॉवर आधी बघा. बादली धरून एक मिनिट मोजा. मिनिटाला १० लिटरचा शॉवर ८ मिनिटं चालला की साधारण अर्धा लिटर प्रोपेन जातं. ६ लिटरच्या शॉवरने ०.३. शॉवरचं तोंड फिरवून बदलता येतं, जुनं जपून ठेवा आणि घर सोडताना परत बसवा. हीटरचं पाणी ५० अंशांच्या खाली ठेवू नका, लेजिओनेला जिवाणू वाढण्याचा धोका असतो.

निळी_ज्योत

टाकीबद्दल थोडं. झाकणाखाली काट्याशेजारी एक छोटा ब्लीडर स्क्रू असतो, तो भरणाऱ्या माणसासाठी आहे, त्याला हात लावू नका. रेग्युलेटरवर बर्फ साचला तर मऊ ब्रशने झाडा. टाकी ताडपत्रीने झाकू नका आणि कशानेही तापवू नका. तिला बाहेरच्या हवेतूनच उष्णता मिळते आणि त्यावरच आतल्या द्रवाची वाफ होते. कडक थंडीत टाकी अगदी खाली गेली की द्रवाला टेकलेला पत्रा कमी पडतो, वाफ पुरेशी होत नाही आणि फर्नेस ऐन गरजेला दम तोडते. पूर्ण रिकामी झाली तर भरण्याआधी गळती-चाचणी करून सगळे पायलट पुन्हा पेटवावे लागतात, आणि त्याचे पैसे सहसा वेगळे लागतात.

टाकी कोणाची आहे हे भाडेकरारात बघून घ्या. पुरवठादाराच्या मालकीची असेल तर सहसा दुसरा पुरवठादार ती भरत नाही, म्हणून स्वस्त दर शोधण्याआधी हे विचारा. राहायला आलात त्या दिवशीच्या काट्याचा फोटो असेल तर घरमालकाला आजच मेल करा. नसेल तर पहिल्या पावतीवरून मागे हिशेब करून दोघांना मान्य आकडा लिहून घ्या. घर सोडताना टाकीत उरलेल्या गॅसचे पैसे कोणत्या दराने मिळणार, तेही त्याच मेलमध्ये ठरवा. आणि सोडण्याच्या आधीच्या महिन्यात टाकी पूर्ण न भरता, पुरवठादार कमीत कमी जेवढं देतो तेवढंच मागवा.