मदत हवी आहे: थायरॉइडचे दोन रिपोर्ट जुळत नाहीत, गोळी बंद करावी का?

नमस्कार. आम्ही नेरूळला राहतो. प्रश्न माझ्या धाकट्या जावेचा आहे. वय ३१, वजन ५० किलो. थकवा, केस गळणं, पाळी पुढे जाणं, म्हणून रक्त तपासलं. टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन, ग्रंथी मंदावली की वाढतं) ८.९, म्हणजे जास्त, फ्री टी४ (थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन) नॉर्मल, अँटी-टीपीओ (ग्रंथीविरुद्धची अँटिबॉडी) खूप वाढलेलं. डॉक्टरांनी हाशिमोटो सांगितलं, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉइड ग्रंथीवर उलटलीय. जावेला-दिराला मूल हवंय, म्हणून वाट न बघता थायरॉक्सिन (थायरॉइड हार्मोनची गोळी) २५ मायक्रोग्रॅम सुरू केलं.

दोन महिन्यांनी पुन्हा तपासलं तर टीएसएच ०.२, नॉर्मलच्या खाली, आणि फ्री टी४ नॉर्मलच्या वर! यावेळी ज्यांना दाखवलं ते म्हणाले, डोस जास्त झालाय, गोळी बंद करा. मला हे पटत नाही. पूर्ण डोस किलोमागे साधारण १.६ मायक्रोग्रॅम धरतात, म्हणजे तिला ८० च्या आसपास. मग २५ वर एवढी घसरण कशी? डोस जास्त झाल्याची लक्षणंही नाहीत: धडधड नाही, घाम नाही, वजन उतरलेलं नाही. उलट दुपारी ऑफिसात डोळे मिटतात तिचे.

गोळी उपाशीपोटी घेते, चहा पाऊण तासाने, कॅल्शियम रात्री. केसांसाठी मधल्या काळात १० मिलिग्रॅम बायोटिन (एक बी जीवनसत्त्व) सुरू झालंय, बाकी काही नाही.

घरचे म्हणतात, "उतरलं ना, मग झालं." ती मात्र रडकुंडीला आलीय. काय करावं? वाशी-नेरूळकडे नीट ऐकून घेणारे एंडोक्रायनॉलॉजिस्ट (हार्मोनचे डॉक्टर) कुणी सुचवाल का?

प्रतिसाद:
ताई, आधी त्या बायोटिनकडे बघा. थायरॉइडच्या बऱ्याच चाचण्यांच्या रसायनातच बायोटिन वापरलेलं असतं. रक्तात ते जास्त झालं की टीएसएच खोटं कमी आणि टी४ खोटं जास्त येतं. अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषध नियामक संस्था) २०१७ मध्ये तसा इशाराही दिला होता. लॅबला फोन करून त्यांच्या पद्धतीत हा अडथळा येतो का ते विचारा. बायोटिन निदान दोन-तीन दिवस बंद ठेवून मग रक्त द्या, त्या दिवशीची थायरॉक्सिनची गोळी रक्त दिल्यावर. थायरॉक्सिन मात्र स्वतःहून थांबवू नका, हे सगळं पहिल्या डॉक्टरांना आजच कळवा. अँटी-टीपीओ परत करायची गरज नाही, डोस त्या आकड्यावर ठरत नाही. आणि दिवस राहिले तर लगेच सांगा, तेव्हा बहुधा डोस वाढवावा लागतो.

धागाकर्ती:
मनापासून आभार. बायोटिन आजपासून बंद. पहिल्या डॉक्टरांशी बोलणं झालं, तेही पुन्हा तपासायलाच सांगताहेत. सोमवारी सकाळी रक्त देऊ. एंडोक्रायनॉलॉजिस्टचं नाव तरीही हवंच आहे.